नऊ सामन्यांसाठी पासपोर्ट: इझुमी अराताच्या कारकिर्दीबद्दल

बालेवाडी गॅलरी (धागाकर्ता)

नोव्हेंबर २०२५ मध्ये फुटबॉलपटू रायन विल्यम्सला भारतीय पासपोर्ट मिळाला. जन्म ऑस्ट्रेलियातला, खेळतो बेंगळुरू एफसीकडून, आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन घरातली. त्या दिवशीच्या बातम्यांमध्ये अगदी तळाशी एक ओळ होती: याआधी असं नागरिकत्व घेऊन भारताकडून खेळलेला खेळाडू म्हणजे इझुमी अराता. पुढे काही नाही. ज्या माणसाला मी पाच-सहा वर्षं बालेवाडीत खेळताना पाहिलं, तो एका ओळीत उरकलेला बघून मला चैन पडेना. म्हणून हा धागा.

अराताचा जन्म ३१ जुलै १९८२ चा, जपानमधल्या शिमोनोसेकी गावचा. वडील गुजराती, आई जपानी. जपानच्या मोठ्या लीगमध्ये त्याला जागा मिळाली नाही. सिंगापूरच्या लीगमध्ये अल्बिरेक्स नीगाता या जपानी क्लबचा एक संघ तेव्हा खेळायचा, जपानी पोरं घेऊन. तिथे तो खेळला. मित्सुबिशीच्या मिझुशिमा कारखान्याच्या संघातही होता. २००६ मध्ये कोलकात्याला ईस्ट बंगालकडे आला आणि वर्षभराने मुंबईला महिंद्रा युनायटेडकडे. तिथून २००९ मध्ये आपल्या पुण्यात.

पुणे एफसी तेव्हा नुकतीच वरच्या विभागात चढली होती. पहिल्याच हंगामात, २००९-१० ला, आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, तिसरा क्रमांक आला. मी आणि माझा मित्र स्कूटरवरून डेक्कनहून बालेवाडीला जायचो. तेव्हा तिकडे मेट्रोचं नावही नव्हतं. बाणेरच्या पुढे रस्ता मोकळा असायचा आणि स्टेडियम लांबूनच दिसायचं. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं एवढं अवाढव्य स्टेडियम आणि त्यात आम्ही इकडे-तिकडे विखुरलेले प्रेक्षक. गर्दी कमी, त्यामुळे मैदानातलं सगळं ऐकू यायचं. गोलकीपरची ओरड, चेंडूला बसलेल्या लाथेचा दणका, कोचचा आवाज. अराता कधी विंगवर, कधी मध्ये, कधी स्ट्रायकरच्या मागे. चेंडू गेला की तो मान खाली घालून उभा राहायचा नाही, लगेच उलटा पळत सुटायचा. ८५ व्या मिनिटालाही तेच. माझा मित्र म्हणायचा, "हा पळतोय म्हणजे मॅच अजून संपलेली नाही."

२०१२ मध्ये त्याला भारतीय नागरिकत्व मिळालं. आपला देश दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे जपानचा पासपोर्ट सोडावा लागला. कागदोपत्री नाव झालं नीलकंठ खंबोलजा. ६ फेब्रुवारी २०१३ ला कोचीत पॅलेस्टाइनविरुद्ध तो भारताकडून पहिल्यांदा उतरला. तेव्हा वय साडेतीस. विंगरच्या पायातला वेग ज्या वयात उतरायला लागतो, त्या वयात त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द सुरू झाली. एकूण सामने नऊ.

नऊच. पण त्या नऊसाठी माणसाने काय दिलं हे बघा. याबद्दल तुम्हा सगळ्यांकडून ऐकायचंय, विशेषतः ज्यांनी त्याला महिंद्रात पाहिलंय त्यांच्याकडून.

---

कूपरेजचा शेजारी

धाग्याबद्दल मनापासून आभार. महिंद्रातला अराता मी पाहिला आहे.

पुणेकरांना राग येऊ नये, पण तो घडला आमच्या कूपरेजवर. छोटं मैदान, मंत्रालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर, ऑफिस सुटलं की सरळ गॅलरीत. महिंद्राचा संघ म्हणजे जुनं घराणं, १९६२ पासूनचं. २००५-०६ ला राष्ट्रीय लीग जिंकली होती, डेरिक परेरा कोच असताना. अराता आला तो त्यानंतर. २००८ ला संघाने ड्युरँड कप जिंकला.

धागाकर्त्याने एक गोष्ट लिहिली पण तिच्यावर थांबला नाही, ती मी जोडतो. मित्सुबिशीच्या कारखान्याचा संघ आणि महिंद्राचा संघ, दोन्ही गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांचे. कंपनीच्या संघात खेळाडूला एक आधार असतो. पगार वेळेवर, खेळणं संपलं तरी कुठेतरी टेबल-खुर्ची मिळेल ही आशा. मी स्वतः मुंबईतल्या एका कंपनीच्या संघात राखीव बॅक म्हणून चार वर्षं होतो. एका सकाळी नोटीस लागली की पुढच्या हंगामापासून संघ नाही. बूट लॉकरमध्येच राहिले माझे. दुसऱ्या दिवसापासून मी स्टोअरमध्ये नट-बोल्टांची नोंद करत होतो. नोकरी वाचली, हे मोठंच. पण संध्याकाळी चार वाजले की पाय वळवळायचे.

महिंद्रानेही २०१० मध्ये संघ बंद केला. ४८ वर्षांनी. अराता तेव्हा पुण्याला गेलेला होता म्हणून वाचला.

---

म्हापशेकार

डेरिक परेरांचं नाव निघालं म्हणून लिहितोय. ते आमचे, गोव्याचे. साळगावकरचे आणि भारताचे बचावपटू. २००९ मध्ये ते महिंद्राहून पुणे एफसीचे कोच झाले आणि अराताही त्याच वर्षी पुण्याला गेला. कोचला खेळाडूचा स्वभाव माहीत असणं ही फिरत्या खेळाडूच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी मिळकत असते. नाहीतर दर नव्या गावात पहिल्यापासून सिद्ध करत बसायचं.

२०१२-१३ ची आय-लीग आमच्या चर्चिल ब्रदर्सने जिंकली आणि पुणे एफसी दुसरी आली. तो हंगाम मी विसरणार नाही. शेवटपर्यंत पुण्याने धाकधूक ठेवली होती. आणि हेच ते वर्ष ज्यात अराता भारतीय झाला. म्हणजे क्लबची सगळ्यात चांगली कामगिरी आणि देशाचा पहिला सामना, दोन्ही एकाच हंगामात.

कोचीच्या सामन्याचं एक जास्तीचं: भारत २-४ हरला. भारताच्या दोन गोलांपैकी एक क्लिफर्ड मिरांडाचा. तोही गोंयकारच.

---

खरं बोलू का

सगळे भारावून लिहिताय. माझं मत थोडं वेगळं आहे, आणि ते मनापासून आहे, कुणाला दुखवायला नाही.

नागरिकत्व घेतल्यावर त्याचाही फायदा झालाच ना? आय-लीगमध्ये तेव्हा तीन परदेशी आणि एक आशियाई असे खेळाडू घेता यायचे. अराता आशियाई जागेत बसायचा. भारतीय झाल्यावर तो त्या मोजणीतून बाहेर आला. म्हणजे क्लबला एक परदेशी जास्त घेता आला आणि त्याला पुढची कितीतरी वर्षं नोकरी पक्की. यात चूक काहीच नाही. पण याला त्याग म्हणायचं का?

दुसरं, तीस वर्षांच्या माणसाला संघात घेतलं की एखाद्या बावीस वर्षांच्या पोराची जागा जाते. तो पोरगा कोल्हापूरचा असेल, नागपूरचा असेल, मिझोरामचा असेल. त्याला नऊ सामने मिळाले असते तर?

---

बालेवाडी गॅलरी (धागाकर्ता)

@खरं बोलू का, तुमचा पहिला मुद्दा बरोबर आहे. तो मी मूळ लेखात लिहायला हवा होता. परदेशी खेळाडूंच्या मोजणीचा हिशेब खरा आहे, क्लबलाही तो कळत होता आणि खेळाडूलाही कळला असेल. पण एका मोठ्या फरकाकडे बघा. आशियाई जागेतला खेळाडू करार संपला की थायलंडला जातो, मलेशियाला जातो, घरी जातो. पासपोर्ट बदलला की ही दारं बंद. आय-लीगमधल्या पगाराच्या भरवशावर जपानचा पासपोर्ट परत करणं हा नुसता हिशेबाने घेतलेला निर्णय मला वाटत नाही. हिशेबच करायचा असता तर उलटा केला असता.

आणि हा निर्णय घेतला तेव्हा पुढे इंडियन सुपर लीग येणार, लिलाव होणार, लाखांत बोली लागणार, यातलं काही ठरलेलं नव्हतं. सुपर लीग २०१४ ला आली.

---

पेठेतला गोली

कोल्हापूरचं नाव घेतलंत म्हणून आलो.

आमच्याकडे शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठा रिकाम्या होतात. पीटीएम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, ही नावं घरातल्या माणसांसारखी घेतली जातात. बाहेरून आणलेला खेळाडू आमच्याकडे नवा नाही. पहिल्या सामन्याला गॅलरी त्याला बघून घेते. पाय आत घातला, अंग टाकलं, मातीत लोळला, की तिसऱ्या सामन्याला तो "आपला" होतो. नाही केलं तर पाच वर्षं राहिला तरी पाहुणाच. आमच्या तालमीतले जुने लोक म्हणायचे, पेठ जन्माने मिळते आणि घामानेही मिळते.

बावीस वर्षांच्या पोराच्या जागेबद्दल: भाऊ, तळमळ समजते, मी त्याच पोरांना शिकवतो. पण त्या पोराची जागा तीस वर्षांच्या अराताने घेतली नाही. त्याच्या गावात वर्षातून चार महिनेच सामने होतात, त्याला बारा वर्षांचा असताना कोच मिळाला नाही, मैदान लग्नाला आणि सभेला दिलं जातं, यानं त्याची जागा गेली. आमचा अनिकेत जाधव २०१७ चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक खेळला, कारण तो लहानपणी बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत आणि मग पुणे एफसीच्या अकादमीत गेला. पुणे एफसी! म्हणजे अराता ज्या क्लबच्या पहिल्या संघात पळत होता त्याच्याच अकादमीत आमचा पोरगा घडत होता. जागा कुणी खाल्ली आणि कुणी केली, हे बघायला पाहिजे.

---

कायद्याची वही

नियमांबद्दल इथे आणि बाहेरही बराच गोंधळ असतो, म्हणून थोडं लांबण लावते.

दोन वेगळ्या चाळण्या आहेत. पहिली फिफाची. खेळाडू ज्या देशाकडून खेळणार त्या देशाचा नागरिक हवा. त्याशिवाय जन्म, आई-वडील किंवा आजी-आजोबांचा जन्म, नाहीतर तिथलं काही वर्षांचं वास्तव्य, यातला एक धागा जुळायला हवा. वडिलांकडून नातं असल्यावर ही चाळणी अवघड नसते.

दुसरी चाळणी आपली, आणि तीच बारीक आहे. डिसेंबर २००८ मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने ठरवलं की भारतीय पासपोर्ट असलेल्यांनीच देशाचं प्रतिनिधित्व करायचं. त्यापूर्वी भारतीय वंशाचे परदेशी नागरिकही काही खेळांत उतरायचे. दिल्ली उच्च न्यायालयात हे धोरण टिकलं. त्यामुळे ओसीआय कार्ड असून भागत नाही. ओसीआय म्हणजे व्हिसाची कटकट नसलेला पाहुणा, नागरिक नव्हे. मतदान नाही, निवडणूक नाही आणि निळी जर्सीही नाही.

नागरिकत्व हवं तर कायद्याने रस्ते आहेत. भारतीय वंशाच्या माणसाला काही वर्षं इथे राहून नोंदणी करता येते, किंवा पाच वर्षं ओसीआय असून अर्जाआधी बारा महिने सलग भारतात राहावं लागतं. फुटबॉलपटूच्या आयुष्यात हे आकडे फार मोठे आहेत. वीस वर्षांच्या मुलाचं युरोपात करिअर असेल तर तो बारा महिने भारतात बसू शकत नाही. आणि जो बसू शकतो, त्याचं वय अराताएवढं झालेलं असतं. मायकल चोप्रा आठवतो का? न्यूकॅसल, कार्डिफ, संडरलँडकडून खेळलेला. भारताकडून खेळायची इच्छा त्याने अनेकदा बोलून दाखवली. ती शेवटपर्यंत इच्छाच राहिली.

म्हणून अराताचं मोल. बोलणारे बरेच झाले. कागद पूर्ण करून रांगेतून पलीकडे गेलेला माणूस २०१२ ला एक आणि त्यानंतर थेट २०२५ ला.

---

निशीकासाई

तोक्योहून लिहितेय. एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईत आम्ही तेरा वर्षं आहोत. इथे स्टेशनबाहेर मराठी कानावर पडणं रोजचंच आहे.

आधी नावाबद्दल. जपानीत आडनाव आधी, त्यामुळे इझुमी हे आडनाव आणि अराता नाव. भारतातले समालोचक कधी इझुमी म्हणायचे, कधी अराता. अराता ज्या एका चित्राक्षराने लिहितात त्याचा अर्थ "नवा". हेच अक्षर आमच्या मुलाने शाळेत दुसऱ्या वर्षी शिकलं, वहीत चौकोनांमध्ये तीस वेळा काढून. वर्तमानपत्राला जपानीत शिंबुन म्हणतात, त्यातलं "शिन" ते हेच.

आम्ही दोन वर्षांपूर्वी शिमोनोसेकीला गेलो होतो. फुटबॉलसाठी नाही, असंच फिरायला. होन्शू बेटाचं पश्चिमेचं टोक आहे ते. फुगू माशासाठी प्रसिद्ध. समोर अरुंद सामुद्रधुनी आणि पलीकडे क्यूशू बेट. समुद्राखालून पायी जायचा बोगदा आहे, साधारण ७८० मीटरचा. लिफ्टने खाली उतरायचं आणि चालत दुसऱ्या बेटावर निघायचं. मध्यावर जमिनीवर एक रेघ रंगवलेली आहे, अलीकडे यामागुची प्रांत, पलीकडे फुकुओका. सगळे तिथे थांबून एक पाय इकडे आणि एक पाय तिकडे ठेवून फोटो काढतात. आमच्या मुलानेही काढला. मग म्हणाला, "आई, मी इंडिया-जपानचा असा फोटो कुठे काढू?"

तो इथे जन्मला, पण जपानमध्ये जन्माने नागरिकत्व मिळत नाही, त्याचा पासपोर्ट भारताचाच आहे. शाळेच्या संघात खेळतो, चांगला खेळतो. उद्या आम्ही जपानचं नागरिकत्व घेतलं तर भारताचं जाईल. ओसीआय मिळेल, पण वर ताईंनी लिहिलंय तसं, त्याने भारताची जर्सी मिळणार नाही. दोन्हीकडचे कायदे या बाबतीत सारखेच कडक. त्यामुळे अराताने काय सोडलं ते मला आकड्यांत सांगता येत नाही, पण आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर हा विषय निघाला की अर्धा तास कुणी बोलत नाही, एवढं सांगू शकते.

---

खरं बोलू का

@निशीकासाई ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी "त्याग म्हणायचं का" असं लिहिलं होतं ते मागे घेतो. ही गोष्ट मी फक्त क्लबच्या बाजूने बघितली होती.

तरी एक विचारतो, माहितीसाठी. जपान स्वतः बाहेरच्या खेळाडूंना घेतो का? की तिकडे असं चालत नाही?

---

निशीकासाई

घेतो, आणि अभिमानाने घेतो. रुई रामोस ब्राझीलमध्ये जन्मलेला. १९८९ मध्ये जपानी झाला आणि १९९२ ला जपानने पहिल्यांदा आशिया कप जिंकला त्या संघात होता. वाग्नेर लोपेस १९९८ च्या, म्हणजे जपानच्या पहिल्याच विश्वचषकात खेळला. अलेसांद्रो सांतोस २००२ आणि २००६ ला. २०१० ला तुलिओ तानाका, तोही ब्राझीलमध्ये जन्मलेला. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातले पन्नाशीचे जपानी लोक रामोसचं नाव काढलं की खुलतात. त्याची दाढी, लांब केस, हरल्यावरचे अश्रू सगळं त्यांना पाठ आहे. तो मूळचा कुठला, हे वाक्यात शेवटी येतं, आलं तर.

---

बालेवाडी गॅलरी (धागाकर्ता)

रामोसबद्दल वाचून बरं वाटलं. आपल्याकडेही असं व्हायला हवं होतं.

पुण्याच्या त्या संघात आणखी एक माणूस होता, जेम्स मोगा. आधी सुदानकडून खेळायचा. दक्षिण सुदान वेगळा देश झाला आणि जुलै २०१२ मध्ये जुबाला युगांडाविरुद्ध त्यांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, २-२. त्यात मोगाने गोल केला. आणि मग हा माणूस बालेवाडीत येऊन आमच्यासाठी गोल करत होता! एका ड्रेसिंग रूममध्ये एकाचा देश नवीन झालेला आणि दुसरा नव्या देशाचा झालेला. आम्ही गॅलरीत बसून ऑफसाइडवर भांडत होतो, आपण काय बघतोय याचा पत्ता नव्हता. आता वाईट वाटतं, तेव्हाच नीट बघायला हवं होतं.

आता त्याच्या पुढच्या वाटचालीबद्दल, कारण ते कुणीच लिहिलं नाही. २०१३ च्या मार्चमध्ये एएफसी चॅलेंज कपची पात्रता फेरी म्यानमारमध्ये होती. भारताने चायनीज तैपेईला हरवलं, ग्वामला ४-० हरवलं आणि शेवटी यजमान म्यानमारकडून ०-१ हरला. मुख्य स्पर्धा हुकली. अराताच्या हाताशी जी काही मोजकी वर्षं होती त्यातली मोठी स्पर्धा अशी गेली. जो माणूस २३ व्या वर्षी देशाकडून खेळायला लागतो त्याला पुढची स्पर्धा असते. साडेतिसाव्याला लागणाऱ्याला नसते.

२०१५ ला मुंबईत सुपर लीगचा भारतीय खेळाडूंचा लिलाव झाला, फक्त दहा जणांचा. सुनील छेत्री त्यात होता, आणि अराताही. त्याला ॲटलेटिको डी कोलकाताने घेतलं. हबास कोच होते. पुढच्या वर्षी हबास एफसी पुणे सिटीला आले, अराताही २०१६ ला पुणे सिटीकडून खेळला. परत बालेवाडी! मी त्या हंगामात पहिल्या सामन्याला गेलो तेव्हा गॅलरी भरलेली, ढोल, झेंडे, मोठे स्पीकर. शेजारचा मुलगा मित्राला विचारत होता, हा जपानी कोण. मी त्याला सांगितलं, जपानी नाही, आपला आहे, आणि तुझ्या आधीपासून इथला आहे. मग पूर्वार्धभर तो मलाच प्रश्न विचारत होता.

२०१७-१८ ला केरळ ब्लास्टर्स, आणि तिथे खेळाडू म्हणून पडदा.

---

कूपरेजचा शेजारी

वरची यादी वाचताना मी कागदावर क्लब लिहीत गेलो. बघा:

महिंद्रा युनायटेड, २०१० ला बंद. पुणे एफसी, २०१४-१५ नंतर लीगमधून बाहेर, अकादमी पुणे सिटीकडे गेली. एफसी पुणे सिटी, २०१९ ला बंद, त्या जागी हैदराबाद आलं. कोलकात्याचा तो संघ २०२० ला मोहन बागानमध्ये मिसळला.

भारतात तो ज्यांच्याकडून खेळला त्यातले हे चार संघ आज त्या नावाने अस्तित्वात नाहीत. ईस्ट बंगाल आणि केरळ मात्र आहेत.

आपण त्याला भटका खेळाडू म्हणतो, क्लब बदलत फिरणारा. पण हिशेब मांडला तर तो फारसा फिरला नाही. मुंबईत दोन वर्षं, पुण्यात जवळपास सहा. त्याच्या पायाखालची मैदानं सरकत गेली. मला हे माझ्या लॉकरमधल्या बुटांमुळे जास्त लागतं असेल, पण लागतं.

---

म्हापशेकार

काका, हा हिशेब वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडेही हेच. साळगावकर, धेंपो, स्पोर्टिंग, तीन मोठी नावं २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडली. धेंपोने पाच वेळा देशाची लीग जिंकलेली. माझा बाप फातोर्ड्याला जायचा तेव्हा घरी जेवण झाकून ठेवायचे, कारण सामना संपून चर्चा संपेपर्यंत रात्र व्हायची. आता त्या क्लबांची नावं मुलांना समजावून सांगावी लागतात.

---

पेठेतला गोली

माणसं जातात, क्लब राहतात, हे उलटं झालंय आपल्याकडे. कोल्हापुरात खेळाडू म्हातारा होतो, पण तालीम तशीच राहते. म्हणून तिसऱ्या पिढीतला पोरगाही तीच जर्सी घालतो. पैसा कमी असेल, पण नाव पुसलं जात नाही.

अराता आता काय करतो? कुणाला माहीत आहे का?

---

बालेवाडी गॅलरी (धागाकर्ता)

हो, तेच सांगायचं राहिलं होतं. तो भारतातच राहिला. नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्सची निवासी अकादमी आहे, देशभरातून निवडलेली मुलं शिष्यवृत्तीवर राहतात. तिथे कोच झाला. २०२२ ला गोव्यात डेव्हलपमेंट लीग झाली तेव्हा त्या मुलांचा मुख्य प्रशिक्षक तोच होता. समोर सुपर लीगच्या क्लबांचे युवा संघ आणि याच्याकडे नुसती अकादमीची पोरं. नंतर इंग्लंडमध्ये नेक्स्ट जेन कपलाही मुलांना घेऊन गेला.

---

म्हापशेकार

त्या लीगचे दोन सामने मी बाणावलीला पाहिलेत! पावसाळ्याच्या आधीचे दिवस, हवा चिकट, सगळे घामाने निथळत होते. रेघेपाशी टोपी घालून उभा असलेला कोच तोच, हे तेव्हा शेजारच्याने सांगितलं. त्याची मुलं चेंडू गमावला की लगेच उलटी पळायची. सगळी. मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नव्हता, धागाकर्त्याची पहिली पोस्ट वाचून आज लागला.

---

बालेवाडी गॅलरी (धागाकर्ता)

@म्हापशेकार, देव बरें करूं. हे वाचून मी स्कूटरवाल्या मित्राला फोन केला. तो आता नाशिकला असतो. त्याला तुमचा प्रतिसाद शब्दन्‌शब्द वाचून दाखवला.

---

निशीकासाई

शेवटचं. आमच्या मुलाने हा धागा माझ्या मांडीवर बसून ऐकला, मराठी वाचायला अजून अडखळतो. त्याने अराताचं ते अक्षर एका कागदावर काढून फ्रिजवर लावलंय आणि खाली देवनागरीत लिहिलंय: नीलकंठ. नी दीर्घ हे त्याने स्वतःहून बरोबर काढलं. पुढच्या महिन्यात शाळेच्या स्पर्धा आहेत, विंगवर खेळायचं म्हणतोय.